भांड्याशिवाय तापत नाही

प्रिय मास्तरीण,

येत्या रविवारी तू परत येणार असं इथे ठरलं आहे. तुझ्या नवऱ्याने, त्याच्या काकांनी आणि तुझ्या बाबांनी मिळून ठरवलं. चहा झाला, एकमेकांच्या पाठीवर थोपटून झालं, आणि मग मला आतून बाहेर बोलावून सांगण्यात आलं की स्वयंपाकघर तेवढं नीट लावून ठेव, तिला आल्या आल्या त्रास नको. मी विचारलं, तिला विचारलंत का? तुझे बाबा म्हणाले, त्यात विचारायचं काय, तिचंच घर आहे. बरं बाई, तुझंच घर. मग त्या घरातली शेगडी कशी आहे, भांडी कुठे आहेत, मी काय केलं, काय बिघडवलं, हे तुला आधी कळायला नको का? म्हणून लिहायला बसले आहे. फोनवर सांगितलं असतं, पण हल्ली माझा फोन माझ्यापेक्षा माझ्या लेकाच्या, तुझ्या नवऱ्याच्याच हातात जास्त असतो. बघू गं आई, काहीतरी बिघडलाय वाटतं, असं म्हणतो, आणि मी कुणाकुणाला लावला ते बघून परत देतो. त्यावर नंतर येते. हे पत्र वरच्या मजल्यावरची शिवणवाली आणून देईल, तीच ती, तुझा कोट दोनदा घट्ट शिवून वर तुलाच जाडी झालीस म्हणणारी. कापड आणायला ती तुमच्या बाजूला येते. अक्षराला हसू नकोस. इतकं लांबलचक लिहायची सवय मला कुठली? आयुष्यभर लिहिलं ते डब्यांवर, मीठ आणि साखर.

मास्तरीण हे नाव तुला कसं पडलं आठवतं का? लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या घरी आलीस आणि चहाही न पिता थेट स्वयंपाकघरात शिरलीस. हातात फ्रिजवरचं ते लिंबाच्या आकाराचं चुंबक. म्हणालीस, आई, आमच्याकडे इंडक्शन आहे, तुमची कुठली भांडी चालतील ते बघू या. आणि मांडलीस की परीक्षा! एकेक भांडं उलटं करायचं, बुडाला चुंबक लावायचं, ते घसरून पडलं की म्हणायचं नापास. अ‍ॅल्युमिनियमचं मोठं पातेलं नापास, पितळेचं नापास, तांब्याचं नापास, माझी लाडकी कढई नापास. मी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात उभी हयात घालवलेली बाई, माझ्या भांड्यांना कुणी नावं ठेवली तर त्याचं ताट मी उचलून नेत असे, आणि ही कालची पोर लिंबू घेऊन मला नापास करतेय! पण तुझा तो गंभीर चेहरा बघून मला इतकं हसू आलं की मी खाली बसले. शेवटी कोपऱ्यातला माझा लोखंडी तवा निघाला, जाडजूड, सपाट बुडाचा, उभ्या कडेचा. चुंबक टक्कन चिकटलं. पास, असं तू इतक्या जोरात ओरडलीस की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. बाहेरून तुझ्या नवऱ्याचा आवाज आला, काय पोरकटपणा लावलाय दोघींनी. आपण तोंड दाबून हसलो. तो तवा मी तुला दिला. माझ्या घरातलं तेवढं एकच पास झालेलं भांडं, तू पिशवीत घालून छातीशी धरून नेलंस.

मग तुझा हात भाजला, आणि मी इथे आले. मी येण्याआधीच तुझ्या बाबांनी तुला नेलं होतं. माझा लेक बापडा इथे एकटा, चहासुद्धा करता येत नाही. हे त्याचंच वाक्य, मला चहासुद्धा करता येत नाही गं आई, असं फोनवर रडवेला होऊन म्हणाला, आणि मी बॅग भरली. आई म्हणजे काय बाई असते, एवढं पुरतं. काय झालं ते त्याने मला स्टेशनवरून येतानाच सांगितलं, आणि नंतर प्रत्येकाला तेच सांगताना मी ऐकलं, शब्दसुद्धा बदलले नाहीत. तू शेगडी लावून ठेवलीस, मग भांडं घ्यायला वळलीस. तोवर शेगडी तापून लालबुंद झाली. परत वळताना तुझा पाय घसरला आणि अख्खा पंजा तिच्यावर टेकला. तू वेंधळी आहेस हे तर सगळ्यांना माहीतच होतं म्हणे. मला माहीत नव्हतं. चष्म्याच्या दुकानात बसून डोळ्यालाही नीट दिसू नयेत एवढे बारीक स्क्रू फिरवणारी पोर वेंधळी कशी, असा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. पण मुलगा बोलत होता, मी ऐकत होते.

आता माझी फजिती ऐक. पहिल्या सकाळी दूध तापवायचं म्हणून मी शेगडीचं बटण दाबलं आणि भांडं शोधायला लागले. आपली सवय ती, आधी शेगडी पेटवायची, मग पुढचं. तर ती टीं टीं करायला लागली. काचेवर काहीतरी अक्षर उघडझाप करतंय, आतला पंखा घुरघुरतोय, आणि थोड्या वेळाने सगळं गप्प. हात वर धरून बघितला, ऊब नाही. बोट लावलं, गार. पुन्हा बटण, पुन्हा टीं टीं, पुन्हा गप्प. मला वाटलं, आल्या आल्या मोडून ठेवली मी सुनेची शेगडी! त्याला कामावर फोन केला. तो वैतागून म्हणाला, अगं, लावून ठेव आणि थांब जरा, तापेल हळूहळू, लाल झाली की भांडं ठेव. मी आपली स्टूल घेऊन समोर बसले, लाल व्हायची वाट बघत. ती टीं टीं करून झोपते, मी तिला उठवते, ती परत झोपते. तेवढ्यात शिवणवाली तुझी चौकशी करायला खाली आली. माझा तो अवतार बघून ती दाराला धरून हसली. म्हणाली, काकू, जन्मभर बसलात तरी ही लाल व्हायची नाही. ही भांड्याशिवाय तापत नाही. ही काच तापवत नाही, भांड्याचं बूड तापवते, आणि मग भांड्याने काच तापते. वर भांडं नसलं की तिला कळतं आणि ती बंद होते. मग तिने पातेलं ठेवून दाखवलं. मी पण हसले. खरं सांगते, मी तेव्हा पोट धरून हसले.

त्यानंतर मात्र ती शेगडी मला आवडायला लागली. सुरुवातीला जाळ दिसत नाही म्हणून जीव घाबरायचा. मी जाळ बघून स्वयंपाक करणारी, निळा किती, पिवळा किती यावर माझं सगळं गणित. इथे नुसते आकडे. पण आकडा कमी केला की उकळी जागच्या जागी बसते, हे मला भारी वाटलं. वसतिगृहात असती तर माझ्या पाठीचे हाल वाचले असते. पातळ बुडाचं भांडं ठेवलं तर ती कण्हते, जाड ठेवलं तर गप्प असते. बूड ओलं असेल तर चुरचुरते. तुझी चपट्या बुडाची ती छोटी किटली तिला सगळ्यात आवडते असं माझं मत झालंय. आणि स्वच्छता! तुझा धडा मी विसरले नाही. चष्म्याची काच पुसायच्या आधी फुंकर का मारायची, ते तू मला एकदा समजावलं होतंस. वरची बारीक धूळ तशीच ठेवून फडकं फिरवलं की आपणच काचेला ओरखडे काढतो, म्हणाली होतीस. तर मी आधी ती गार होऊ देते, मग मऊ ब्रशने कण झाडते, मग ओल्या फडक्यावर साबणाचा एक थेंब, मग कोरडं फडकं. तारेची घासणी जवळसुद्धा आणत नाही. मागच्या जाळीत धूळ बसते तिथेही ब्रश फिरवते. एकदा दूध उतू गेलं आणि भांड्याखाली जाऊन असं काही चिकटलं की मी कपाळावर हात मारला. तेव्हा सोड्याची पेस्ट लावून, वर ओलं फडकं टाकून ठेवलं, नंतर व्हिनेगर, आणि राहिलेलं ते तुझं ब्लेड आडवं धरून अलगद काढलं. आरशासारखी केली. तू बघितली असतीस तर पास केलं असतंस मला.

एक गोष्ट मात्र जात नव्हती. काचेच्या मधोमध सुरू होऊन डाव्या कडेपर्यंत गेलेली एक वाकडी रेघ. मी डाग समजून सोडा लावला, व्हिनेगर लावलं, ब्लेड फिरवलं. मग नख फिरवलं तेव्हा कळलं, तो डाग नाहीच, ओरखडा आहे. चांगला खोल. माझ्या मनात आलं, ही पोर कुणाला भांडं ओढू देत नाही. उचलून ठेवा, उचलून काढा, असं मला तू दहादा बजावलंस. तव्याखाली तर कागद घालायचीस. तिच्या काचेवर एवढा ओरखडा कसा? त्याला विचारलं तर म्हणाला, तिचीच आदळआपट, दुसरं काय. मग विचारलं, तवा कुठे दिसत नाही रे? मला ब्रेड भाजायचा होता. तर म्हणाला, जुना झाला होता, टाकला असेल तिने. मला जरा लागलं ते. माझा एकुलता एक पास झालेला तवा तू टाकलास? पण म्हटलं, असेल, लोखंड आहे, गंजला असेल.

तुझा हात काय म्हणतोय? मूठ वळते का? ते पट्टी बदलायला दवाखान्यात आपण भेटलो होतो, त्या दिवसाचं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडवली. मी तुझ्या मागे उभी होते, तो तुझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला होता. बोटांच्या पेरांपासून तळव्याच्या शेवटापर्यंत सगळं भाजलेलं, आणि मनगटाखाली एक वेगळीच रेघ, कमानीसारखी, आखून काढावी तशी. बाईंनी विचारलं, कसं झालं? तू तोंड उघडायच्या आत त्याने सांगितलं, पाय घसरला, शेगडी लालबुंद होती. बाई तुझ्याकडे बघत राहिल्या. तू हो म्हणून मान हलवलीस आणि मग वळून माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, दुखतंय म्हणून बघतेय. मी म्हटलं, होईल गं बरं, बाळा. आणि तू खाली बघितलंस. तुझ्या दुकानाचे मालक परवा घरी येऊन गेले, ते तुला कुणी सांगितलं नसेल. म्हणाले, तिच्या टेबलावर मी दुसरं कुणी बसवलेलं नाही, हात बरा होईल तेव्हा येऊ दे. त्याने त्यांना दारातच सांगितलं की ती आता काम करणार नाही. मी पाणी घेऊन बाहेर येईपर्यंत ते गेले होते. हे तुला सांगायचं राहून जायला नको.

शिवणवालीचं वाक्य माझ्या डोक्यात कधी परत आलं ते सांगते. शेगडी पुसत होते, दुपारची. चुकून फडक्याचा दाब बटणावर पडला आणि ती टीं टीं करायला लागली. माझा पंजा तिच्या बरोबर मधोमध होता. अख्खा पंजा. मी तो तसाच ठेवला. ती ओरडली, ओरडून गप्प झाली, आणि हाताखालची काच गारच्या गार. मग मी त्याच्या बाजूने वकिली सुरू केली, आईच ना मी. म्हटलं, भांडं आधी ठेवलेलं असेल, तिने ते नुकतंच उतरवलं असेल, काच तापलेली असेल. पण तो तर सगळ्यांना सांगतोय, भांडं नव्हतंच. म्हटलं, घाबरून चुकीचं सांगितलं असेल. पण मग ती कमान कसली? काचेला कड कुठे असते? आणि भाजणं मला शिकवायला नको. माझ्या हातांवरच्या खुणा तूच बघायचीस, ही कशाची, ती कशाची विचारायचीस. एवढी वर्षं जाळापाशी काढली, पण माझी एकही खूण बोटाएवढीसुद्धा रुंद नाही. कारण चटका बसला की हात आपसूक मागे येतो, आपल्याला कळायच्याही आधी. अख्खा पंजा भाजायचा तर तो तिथे राहावा लागतो, आणि आपला हात आपण तिथे ठेवत नाही.

तरीही मी त्याला संधी दिली. जेवायला वाढलं आणि सहज सांगावं तसं सांगितलं की अरे, तुला गंमत माहीत आहे का, ही शेगडी भांड्याशिवाय तापतच नाही. त्याचा चमचा हवेत थांबला. मी बघत होते. त्याने नवल केलं असतं, हसला असता, असं कसं म्हणून उठून बघायला गेला असता, तर मी त्याच्या पाया पडले असते. त्याने चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, असलं काही डॉक्टरांसमोर बरळू नकोस. तुला कुणी विचारलंय का? एवढंच. मग जेवला, पोटभर जेवला. दुसऱ्या दिवसापासून एकदम गोड. आई, तू दमलीस, आई, तू थोडी पड. ती आली की तू तुझ्या घरी जा, तुला विश्रांती हवी. आणि माझा फोन बघायला लागला, आणि आठवड्याच्या आत काकांना बोलावून, तुझ्या बाबांना गाठून, रविवार ठरवून मोकळा झाला. हाच मुलगा लहानपणी ताप आला की माझा पदर तोंडात धरून झोपायचा. त्याच्या वडिलांनी कधी माझ्यावर आवाजसुद्धा चढवला नाही. मग हे कुठून आलं याच्यात? मी रोज शोधते. मला सापडत नाही. आणि तू काय केलं होतंस, कशावरून भांडण झालं, तेही मला माहीत नाही. सांगूही नकोस. कुठलंच कारण त्याला पुरणार नाही.

काल धुवायच्या मशीनमागे पायमोजा पडला. तो काढायला काठी घातली तर काठीला काहीतरी जड लागलं. ओढून काढलं. बाजाराची जाड पिशवी, तोंडाला गच्च गाठ. गाठ सोडायच्या आधीच मला हाताला वजन कळलं, माझ्याच घरातलं वजन ते, मी नवी नवरी असल्यापासून उचललेलं. बाहेर फेकून द्यायलासुद्धा त्याला जमलं नाही. घरातला कचरा कुठे टाकतात हे त्याला माहीत असायला त्याने कधी तो टाकला आहे का? तव्यावर काय चिकटलेलं आहे ते मी लिहीत नाही, तुला माहीत आहे. मी जमिनीवर बसले, तवा समोर ठेवला आणि माझा उजवा पंजा त्यावर धरला, न टेकवता, वरचेवर. त्याची उभी कड बरोबर माझ्या मनगटाखाली आली. मग मी मोठ्याने रडले, दार बंद होतं, कुणी ऐकलं नसेल, आणि ऐकलं असेल तर ऐकू दे. म्हणजे तू उभी होतीस, तवा तापलेला होता, आणि माझ्या पोराने तुझा हात धरला. तू ओढलास तेव्हा तवाही ओढला गेला असेल, त्याचाच तो ओरखडा. जो मी सोड्याने घासत बसले होते, तो. आणि तू दवाखान्यात माझ्याकडे बघितलंस, आणि मी म्हणाले, होईल गं बरं.

तेव्हा आता ऐक, मास्तरीण, हे पत्र मी स्वयंपाकघर सोपवायला लिहिलेलं नाही. रविवारी येऊ नकोस. सोमवारीही नको, त्याने रडून पाय धरले तरी नको, काकांनी शब्द दिला तरी नको. तुझे बाबा वाईट नाहीत, त्यांनीही जन्मात शेगडी लावलेली नाही, म्हणून त्यांना ते सगळं खरं वाटलं. त्यांना म्हणावं, कुठल्याही दुकानात जा, इंडक्शन लावायला सांगा, वर काही न ठेवता हात ठेवा, आणि ती लाल व्हायची वाट बघत बसा, माझ्यासारखी. मग त्यांना हे पत्र वाचायला दे. हे फाडू नकोस, जपून ठेव. डॉक्टरीणबाईंकडे तू एकटी जा, त्यांना तेव्हाच काहीतरी कळलं होतं, त्या विचारतील. पोलिसांत जायचं की नाही ते तू ठरव, जाशील तर मी शेजारी उभी राहीन आणि माझ्या तोंडाने सांगेन, तोच माझा मुलगा म्हणून बोट दाखवून सांगेन. रविवारी तो आणि त्याचे काका तुला आणायला निघतील त्याआधी मी भाऊजींसमोर, म्हणजे त्या काकांसमोर, शेगडी लावणार आहे आणि त्याला सांगणार आहे, ठेव हात, ठेव ना, लालबुंद होते म्हणतोस ना. मग पुढे माझं काय होईल ते होईल, माझी बॅग भरलेली आहे. घरातलं सगळं मी घासून पुसून लख्ख केलंय, शेगडी, किटली, पातेली, फडकीसुद्धा उकळून वाळवलीत. फक्त तो तवा घासलेला नाही. तो तसाच, त्याच पिशवीत, शिवणवालीच्या कपाटात कापडाच्या गठ्ठ्याखाली ठेवला आहे, आणि तू सांगशील त्या माणसासमोर मी तो तसाच ठेवणार आहे.

तुझीच,
आणि इलाज नाही म्हणून त्याचीही,
आई